पेनाच्या उद्यानालाही वेळ द्यावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युरोप सहलींच्या जाहिरातींत पोर्तुगालमधील सिंत्रा येथील पेना राजवाड्याचे लाल-पिवळे मनोरे हमखास दिसतात. गेल्या वर्षी आमच्या गटाला तेथे जेमतेम दोन तास मिळाले. आतल्या दालनांना ठरावीक वेळेचे तिकीट असल्याने त्यातला बराचसा वेळ रांगेत गेला आणि भोवतालचे सुमारे 85 हेक्टरांचे उद्यान राजवाड्याकडे जाणाऱ्या चढणीवरून दिसले तेवढेच पदरी पडले. वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी सरली आहे, त्यामुळे मनाला फार चुटपूट लागली. दुसऱ्या दिवशी मोकळीक मिळताच लिस्बनच्या रोसियू स्थानकावरून गाडी पकडून मी एकटीच पुन्हा तेथे गेले.

ज्या मॅन्युएल राजाच्या कारकिर्दीत, 1510 साली, पोर्तुगीजांनी गोवा घेतला, त्यानेच या शिखरावर हिरोनिमाइट साधूंसाठी मठ बांधून दिला होता. 1755 च्या भूकंपात त्याची पडझड झाली. राणी मारिया दुसरी हिचा पती फर्नांडो याने 1838 मध्ये ते भग्नावशेष विकत घेतले, मठातील टाइलने मढवलेला चौक आणि प्रार्थनाघर जपले आणि त्यांना जोडून राजवाडा उभारला. हे सहलीचा वाटाड्या सांगतो. परंतु त्याच फर्नांडोने जवळजवळ उघड्याबोडक्या डोंगरावर हे अरण्य लावले, याचा आमच्यापुढे उल्लेखही झाला नाही. अटलांटिकवरून येणारे दमट वारे या डोंगराला अडतात आणि ऐन उन्हाळ्यातही तेथे धुके उतरते. आंबोलीचे धुके पाहिलेल्या माणसाला तेथे परके वाटत नाही. हा ओलावा ओळखून त्याने उत्तर अमेरिकेतील सिकोया, चीनमधील गिंको, जपानमधील कॅमेलिया आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडकडचे वृक्षनेचे असे लावले की ग्रॅनाइटच्या धोंड्यांमधून ते आपसूक उगवले असावेत असे वाटते. माणसाच्या दुप्पट उंचीच्या नेच्याखाली उभी राहून मी वर पाहिले, तेव्हा पानांच्या जाळीतून झिरपणारा हिरवा उजेड पाहताना मला वर्गातले फळ्यावरचे नेच्याचे चित्र आठवले आणि डोळे भरून आले.

उद्यानाच्या पश्चिम टोकाला फर्नांडोची दुसरी पत्नी, गायिका एलिझे हेन्सलर, म्हणजेच एड्लाची काउंटेस, हिच्यासाठी बांधलेले घर आहे. भिंती चुन्याच्या असूनही लाकडी फळ्यांच्या वाटाव्यात अशा रंगवलेल्या आहेत आणि दारे-खिडक्या बुचाच्या सालीने सजवल्या आहेत. 1999 मध्ये ते आगीत होरपळले, पण नेटाने दुरुस्त करून 2011 मध्ये पुन्हा खुले झाले. आमच्या गटातील कोणालाही ते ठाऊक नव्हते.

सहलींचे आयोजन करणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पेनासाठी किमान अर्धा दिवस राखावा आणि ज्यांना चालणे झेपते त्यांना मुख्य दाराऐवजी खालच्या तळ्यांकडील फाटकातून आत न्यावे. तेथून पाच तळी आणि नेच्यांची दरी पार करत चढत गेल्यावर राजवाडा झाडांमधून हळूहळू वर येताना दिसतो. स्वतंत्रपणे जाणाऱ्या वाचकांनी राजवाड्याची वेळ दुपारची घ्यावी, म्हणजे सकाळ उद्यानासाठी मोकळी राहील. दालनांची गर्दी नको असेल, तर केवळ उद्यानाचे तिकीटही मिळते.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका, कुडाळ