कपड्यांच्या वर ठेवलेलं पत्र

क्योतो, २३ डिसेंबर २०२५

प्रिय आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, आधी खाली बस. बाबा, चष्मा लावा आणि मोठ्याने वाचा. खालचे कपडे नंतर बघा.

मी कंपनीला हो म्हटलंय. आणखी तीन वर्षं इथेच. फोनवर सांगता आलं असतं, पण आई, तू फोनवर "बरं झालं हो" म्हणतेस आणि मग दुपारचं ताट तसंच झाकून ठेवतेस, दादाने सांगितलंय मला. म्हणून लिहून कळवतेय. पगार वाढतोय, बाबांच्या दुसऱ्या गुडघ्याचं आता निवांतपणे करता येईल. नव्या करारात वर्षातून दोनदा घरी यायचं तिकीट कंपनी देणार आहे. पुण्यात नोकरी असती तरी सणावारालाच आले असते ना? आणि इथलं काम मला मनापासून आवडतं, हे तर तुम्हाला माहीतच आहे. फक्त या संक्रांतीला जमणार नाही. वाण घरात कमी पडलं असं वाटून घेऊ नकोस, दादा-वहिनी आहेत.

तुमच्याकडे थंडी कडक पडलीय म्हणालात, म्हणून परवा रविवारी तोजीच्या बाजारात गेले. क्योतो स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर हे मोठं बौद्ध मंदिर आहे. तिथला पाच मजली लाकडी पॅगोडा ५५ मीटर उंच, जपानमधला सगळ्यात उंच. या मंदिराशी जोडलेले बौद्ध गुरू कोबो दाईशी यांची पुण्यतिथी २१ तारखेची (बाबा विचारतीलच, सन ८३५), म्हणून दर महिन्याच्या २१ला आवारात बाजार भरतो. डिसेंबरचा म्हणजे वर्षातला शेवटचा, त्याला अख्खं क्योतो लोटतं. जुन्या किमोनोंच्या ढिगांपाशी तर पाय ठेवायला जागा नव्हती. २००३च्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाताना बाबांनी माझं मनगट कसं आवळून धरलं होतं, आठवतंय? तिथे उभं राहून मला एकदम तेच आठवलं आणि वाटलं, आत्ता बाबा हवे होते.

आई, तुझ्यासाठी तिथे बघण्यासारखं किती होतं म्हणून सांगू! ढिगातलं काहीही उचला, १,००० येन, म्हणजे आपले पाचशे-सहाशे रुपये. रेशमी असो की सुती. बायका दोन्ही हातांनी उपसतात, उजेडाकडे धरून डाग बघतात, आणि तुझ्यासारखंच आधी उलटं करून शिवण तपासतात. मीही तेच केलं. अख्खा किमोनो साधारण १२ मीटर लांब आणि जेमतेम ३६-३८ सेंटीमीटर पन्ह्याच्या एकाच ताग्यातून निघतो. कापायचं ते सगळं सरळ रेषेत, म्हणून चिंधी वाया जात नाही. शिलाई हाताची, धावदोऱ्याची, आत भरपूर माया सोडलेली. पूर्वी धुवायचा म्हणजे सगळा उसवायचा, पट्ट्या धुऊन ताणून वाळवायच्या आणि पुन्हा शिवायचा. तू माझ्या शाळेच्या फ्रॉकला माया सोडायचीस आणि दर जूनमध्ये खाली वाढवायचीस. कडेला जुन्या दुमडीची फिकट रेघ राहायची. तशीच रेघ मला तिथे एका निळ्या किमोनोवर दिसली आणि मी तो कितीतरी वेळ हातात धरून उभी होते.

तुझ्यासाठी घेतलीय ती वाइन रंगाची हाओरी, म्हणजे किमोनोवर घालायचं रेशमी जाकीट. बटणं नाहीत, पुढे फक्त एक गोंडेदार दोरी बांधायची. बायकांच्या हाओरीला बाहीची शिवण काखेपाशी उघडी सोडलेली असते, त्यामुळे दुखरा खांदा वर न उचलता ती चढवता येईल. ढिगाशी उभ्या असलेल्या एका आजींनी माझ्या हातावर बाही मापून बघितली, तुझी उंची मी माझ्या खांद्यापाशी दाखवल्यावर "हीच, हीच" म्हणाल्या.

बाबा, तुमच्या मापाचं मिळणं महाकठीण. जुन्या काळची माणसं बुटकी होती. एक काळी पुरुषी हाओरी सापडली होती, बाहेरून अगदी साधी आणि आत अस्तरावर अख्खा फूजी पर्वत रंगवलेला. एदो काळात (१६०३ ते १८६८) भपक्यावर बंदी आली तेव्हा हौशी माणसांनी हौस अस्तरात नेली. पण ती तुमच्या कोपरापाशी संपली असती. म्हणून हान्तेन घेतलाय, म्हणजे आत कापूस भरलेलं घरात घालायचं आखूड जाकीट. त्याच्याही बाह्या जरा आखूडच आहेत, पण पहाटे गच्चीवर पेपर वाचताना उबदार राहील. शिवाय दोघांना एकेक युकाता, म्हणजे साधा सुती किमोनो.

आता नीट ऐका. युकाता घालताना डावी बाजू वर, उजवी आत. उलटं इथे फक्त मृताला नेसवतात, तेव्हा बाबा, गडबडीतसुद्धा नाही. हाओरी मशीनमध्ये टाकायची नाही, उन्हात वाळवायची नाही. कापराचा वास येतोय तो सावलीत टांगून ठेवलं की जाईल. हान्तेन घालून गॅसपाशी जायचं नाही. बीपीची गोळी जेवणाआधी की नंतर हा वाद बंद करून डॉक्टरांनी लिहिलेलं वाचा.

आणि एप्रिलच्या सुरुवातीला तुम्ही दोघांनी इथे यायचंय. तेव्हा सगळीकडे साकुरा, म्हणजे चेरी, फुललेला असतो आणि थंडीही सोसवेल अशी. घरात खुर्च्या आहेत, कमोड आहे, लिफ्ट आहे, तुरीची डाळ कोबेच्या भारतीय दुकानात मिळते. मांडी घालून कुठे बसायला लागणार नाही, ते मी बघते. बाबांचा पासपोर्ट संपत आलाय, दादाकडून या महिन्यातच अर्ज भरून घ्या. नाही म्हणू नका ना.

आई, मावशीच्या पैठणीचं केलंस तसं हाओरीचं करू नकोस. कपाटात गेली तर मी दादाला काढायला लावीन. दोघांनी घातलेले फोटो पाठवा.

तुमची,
मनू