बादलीतली ती रिकामी जागा भरू नका

संपादक साहेब, नमस्कार.

आपल्या पुरवणीत बादलीतल्या हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय नुसत्या खताच्या पाण्यात वाढवलेल्या, भाज्यांवर जो लेख आलाय तो वाचला. आधी चांगलं सांगतो, पंप नाही, लाईट नाही, टायमर नाही अशा साध्या पद्धतीवर कोणीतरी लिहिलं हे बरंच झालं, नाहीतर हायड्रोपोनिक म्हटलं की लोकांना पांढरे पाईप आणि गुलाबी लाईट एवढंच आठवतं आणि हे आपलं काम नाही म्हणून पान उलटलं जातं. पण त्याच लेखात एक वाक्य असं छापलंय की तेवढं वाचून लोकांनी तसं केलं तर रोपं मरणार. लेख म्हणतो की बादलीतलं पाणी रोज बघा आणि कमी झालं की काठोकाठ भरा. साहेब, नेमकं हेच करायचं नाहीये! या पद्धतीत पाणी कमी होणं हा बिघाड नाही, त्याच्यावरच तर सगळं चालतं. पुढच्या अंकात ही दुरुस्ती छापा अशी विनंती, आणि नुसती दुरुस्ती छापली तर लोक विचारतील का म्हणून, तर ते का सांगायला हे पत्र.

मुळांना पाणी लागतं तसा ऑक्सिजनही लागतो. मातीत तो कणांच्या मधल्या पोकळीतून मिळतो, पंपवाल्या सिस्टीममध्ये बुडबुड्यांनी किंवा वाहत्या पाण्यातून मिळतो. आपल्या बादलीत पाणी ठप्प उभं, मग ऑक्सिजन येणार कुठून? पाण्यात विरघळलेला असतो थोडासा, पण मुळांनी तो वापरला की वरून नवा खाली पोचायला फार वेळ लागतो, कारण हवेत जितक्या वेगाने ऑक्सिजन पसरतो त्याच्या साधारण दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. हवाई विद्यापीठातले बी. ए. क्रॅटकी यांनी ही पंपाशिवायची पद्धत मांडली आणि नीट बसवली (2009 साली लेट्यूसच्या अशाच तीन पद्धतींवर त्यांचा पेपर आहे), म्हणून तिला क्रॅटकी पद्धतच म्हणतात. त्यातली युक्ती इतकी सोपी आहे की हसू येतं. झाकणाच्या भोकात बसवलेल्या जाळीदार कुंडीत, म्हणजे नेट पॉटमध्ये, रोप असतं, आणि सुरुवातीला पाणी त्या नेट पॉटच्या बुडाला लागेल एवढं भरायचं. रोप पाणी पितं, पातळी उतरते, मुळं पाण्याच्या मागे मागे खाली जातात, आणि झाकण आणि पाणी यांच्या मधे जी दमट हवेची जागा तयार होते तिथे राहिलेली वरची मुळं हवेतून ऑक्सिजन घ्यायला लागतात. खालची पाणी आणि खत ओढतात, वरची श्वास घेतात.

झाकण हळूच उचलून बघितलं तर हे डोळ्यांना दिसतं. वरच्या चार बोटांत मुळं आखूड, खूप फाटे फुटलेली, बारीक लव असलेली, आणि पाण्यात गेलेली मात्र लांब, सरळ, गुळगुळीत. आता ही वरची लवदार मुळं हवेवर तयार झालेली असताना त्यांच्यावर पुन्हा पाणी चढवलं की ती बुडतात आणि गुदमरतात. मग गंमत अशी होते की दुपारी पानं मान टाकतात, बघणाऱ्याला वाटतं तहान लागली, तो अजून पाणी ओततो, संध्याकाळी पुन्हा तेच, आणि शेवटी रोप गेलं की माणूस म्हणतो हायड्रोपोनिक सगळं खोटं आहे. अशा रोपाचं एक मूळ चिमटीत धरून ओढून बघा, वरची साल सुटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी बारीक शीर उरते, तपकिरी, बुळबुळीत, वास मारणारी. ही मुळकुज. पानं तहानेनेच वाळत असतात खरं, पण पाणी समोर असून प्यायला मुळंच उरलेली नसतात.

मग पाणी घालायचंच नाही का? लेट्यूससारख्या पालेभाजीला खरंच नाही घालावं लागत. एका गड्ड्याला आयुष्यभरात साधारण चार लिटर द्रावण (म्हणजे खत विरघळवलेलं पाणी) पुरतं, एकदा भरा आणि काढणीपर्यंत झाकण उघडलं नाही तरी चालतं. टोमॅटो, वांगी, भेंडी, काकडी यांचं तसं नाही, भरात आलेला टोमॅटो कडक उन्हात दिवसाला दोन-तीन लिटर सहज ओढतो, म्हणजे 20 लिटरची बादली आठवड्याभरात तळाला. तिथे भरावं लागतं, पण थोडं थोडं, आणि अर्ध्या बादलीच्या वर कधीच नाही. तेही पूर्ण ताकदीचं द्रावण घालू नका, अर्ध्या ताकदीचं घाला, कारण उन्हात रोप खतापेक्षा पाणीच जास्त उचलतं आणि उरलेलं द्रावण घट्ट घट्ट होत जातं. लेखाबरोबर टोमॅटोने लगडलेल्या बादलीचा फोटो आहे, छान आहे, पण नवीन माणसाने टोमॅटोने सुरुवात करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. लेट्यूस, पालक, बेसिल, पुदिना यांनी करावी. गाजर, मुळा, बटाटा या भानगडीत तर पडूच नये.

आता उघड्यावरचं. लेखात मैदानात ठेवा, गच्चीत ठेवा, ऊन मिळेल तिथे ठेवा असं एका ओळीत उरकलंय. ऊन फुकट मिळतं, वारा आणि माश्या परागीभवन करून देतात, घरात टोमॅटोची फुलं हाताने हलवत बसावी लागतात ते वाचतं, हे सगळं मान्य. पण उघड्यावर ठेवलं की त्याच हवेच्या जागेवर तीन बाजूंनी हल्ला होतो आणि त्याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

पहिला पाऊस. 30 सेंटिमीटर व्यासाच्या झाकणावर 100 मिलिमीटर पाऊस पडला तर सात लिटर पाणी पडतं, आणि झाकणाला कडा असेल, मधे खोलगट असेल तर त्यातलं बरंचसं नेट पॉटच्या भोकातून थेट आत जातं, वर पानांवर पडलेलं खोडावरून ओघळत येतं ते वेगळं. म्हणजे तुम्ही हात न लावता एका रात्रीत बादली काठोकाठ, मुळं बुडालेली, आणि खत पातळ होऊन वाहून गेलेलं. यावर वरून प्लॅस्टिकचा आडोसा हा सगळ्यात चांगला इलाज, ते जमत नसेल तर बादलीच्या बाजूला भोकं. एक भोक नेट पॉटच्या बुडाच्या पातळीला आणि दुसरं अर्ध्या उंचीला, खालच्याला रबरी बूच लावून ठेवायचं आणि पाणी आपोआप त्याच्या खाली उतरलं की बूच काढून टाकायचं. मग कितीही कोसळू दे, पाणी अर्ध्याच्या वर चढत नाही. एवढं एक भोक पाडायला सांगितलं असतं तरी माझी निम्मी तक्रार संपली असती.

दुसरं ऊन, म्हणजे पानांवरचं नाही, बादलीवरचं. पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम होतात. त्यात ऑक्सिजन कमी मावतो, 20 अंशाला लिटरमागे 9 मिलिग्रॅमच्या आसपास, 30 अंशाला साडेसात, आणि त्याच वेळी मुळांची ऑक्सिजनची भूक वाढते, दर दहा अंशांमागे जवळपास दुप्पट. म्हणजे पुरवठा घटला आणि मागणी वाढली, आणि मुळकुजीच्या बुरशीला नेमकं असंच गरम पाणी मानवतं. पाणी तिशीच्या वर राहायला लागलं की समजा धोका आहे. काळी बादली उन्हात तापते, पांढरी तापत नाही पण तिच्यातून उजेड आत जातो आणि शेवाळ माजतं, म्हणून आधी काळा रंग आणि त्यावर पांढरा असे दोन हात द्यायचे. रंगवायचं नसेल तर बादली अर्धी जमिनीत गाडा किंवा दुसऱ्या मोठ्या बादलीत ठेवा, मधे हवा राहिली की फरक पडतो. बादल्या एकमेकींना चिकटून ठेवल्या तरी सावली पडते. पाणी जास्त असेल तितकं ते सावकाश तापतं, तेव्हा दोन लिटरच्या बाटल्यांचे जे व्हिडिओ फिरतात ते घरात खिडकीपाशी ठीक, उघड्यावर कडक उन्हात अजिबात नाही.

तिसरे डास. हे मी सगळ्यात वर लिहायला पाहिजे होतं खरं तर, कारण बाकीच्यात फक्त आपलं रोप जातं, यात शेजाऱ्यांना ताप येतो. झाकलेलं, अंधारं, ठप्प पाणी, वर दमट हवा, डासाच्या मादीला अजून काय पाहिजे. उष्ण हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात, आणि आपण तर महिनाभर झाकण न उघडण्याचं कौतुक करतोय. नेट पॉट आणि झाकण यांच्यातली फट, बाजूची भोकं, सगळीकडे बारीक जाळी हवी किंवा स्पंजने फट बंद पाहिजे. बीटीआय म्हणून एक जिवाणू मिळतो, पूर्ण नाव बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्रायलेन्सिस, तो पाण्यात टाकला की डासाच्या अळ्या मरतात आणि रोपाला काही होत नाही. तेलाचे थेंब टाका असं काही लोक सांगतात, ते कृपा करून करू नका, तेलाचा पापुद्रा अळ्यांचा श्वास बंद करतो तसा पाण्यात जाणारा ऑक्सिजनही अडवतो आणि आपण पुन्हा तिथेच.

वाऱ्याचं एकच सांगतो. बादली भरलेली असते तेव्हा रोप छोटं असतं आणि रोप मोठं होतं तेव्हा बादली रिकामी होत आलेली असते, त्यामुळे टोमॅटोची काठी बादलीला बांधू नका, जमिनीत रोवा किंवा भिंतीला बांधा.

खताबद्दल लेखात "कोणतंही विद्राव्य खत चालेल" असं आहे. नाही चालत. 19:19:19 (हे आकडे म्हणजे नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश यांचे टक्के) सगळीकडे मिळतं म्हणून लोक तेच टाकतात, पण त्यातला अर्ध्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो, मातीतले जिवाणू तो रोपाच्या कामाचा करून देतात, स्वच्छ पाण्याच्या बादलीत ते जिवाणू पुरेसे नसतात. शिवाय त्यात कॅल्शियम नाही. साधा हिशोब असा आहे, 10 लिटर पाण्याला सूक्ष्म अन्नद्रव्यं असलेलं 4:18:38 सहा ग्रॅम, मॅग्नेशियम सल्फेट तीन ग्रॅम, हे दोन्ही पूर्ण विरघळलं की मग कॅल्शियम नायट्रेट सहा ग्रॅम. क्रम महत्त्वाचा आहे. कोरडी पावडर एकत्र करून ठेवली किंवा घट्ट द्रावणं एकमेकांत ओतली तर कॅल्शियम सल्फेट-फॉस्फेटबरोबर बसतं, तळाला पांढरा गाळ होतो आणि तो गाळ रोपाला काही कामाचा नाही. पालेभाजीला याच्याहून पातळ चालतं, ईसी मीटर (पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून विरघळलेलं खत मोजणारा) असेल तर सुरुवातीला 0.8 ते 1.2 मिलिसीमेन्स प्रति सेंटिमीटर, टोमॅटोला 2 ते 3.5. पीएच, म्हणजे पाण्याच्या आम्लपणाचा आकडा, साडेपाच ते साडेसहा, सातच्या वर गेला की लोह मिळेनासं होतं आणि नवीन पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या. टीडीएस मीटर वापरत असाल तर तोही ईसीच मोजतो आणि तिला एका आकड्याने गुणून पीपीएममध्ये दाखवतो, तो आकडा म्हणजे स्केल 500 चा की 700 चा ते आधी बघा, एकाच द्रावणाला एक मीटर 600 दाखवतो आणि दुसरा 840, आणि मग लोक तासन् तास वाद घालत बसतात.

सेंद्रिय का नाही, शेणखताचं पाणी का नाही, गांडूळखताचा अर्क का नाही हा प्रश्न येणारच म्हणून लिहितो. मातीत उत्तम आहे, पण बंद बादलीत ठप्प पाण्यात ते कुजतं आणि कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन खाऊन टाकतात. मला सेंद्रियाचं वावडं नाही, इथे ते बसत नाही एवढंच.

बादली अन्नासाठी वापरतात त्या प्लॅस्टिकची घ्या, बुडाशी त्रिकोणात 2 किंवा 5 आकडा असतो तो बघा. रंगाच्या, केमिकलच्या जुन्या बादल्या धुऊन वापरा असं लेखात सुचवलंय, खायच्या भाजीला तसं करू नये असं मला वाटतं.

आपला,
एक नियमित वाचक

ता. क. काढणी झाल्यावर उरलेलं द्रावण गटारात ओतू नका, त्यात नायट्रेट आणि फॉस्फेट असतं, पुढे ज्या पाण्यात जाईल तिथे शेवाळ वाढवेल. दुप्पट साधं पाणी मिसळून मातीतल्या झाडांना घाला. आणि बादली पुन्हा भरण्याआधी आतून घासून धुवून उन्हात कोरडी होऊ द्या, मागच्या रोपाला मुळकुज झाली असेल तर जुना नेट पॉट आणि स्पंज पण बदला.