लाँचवाल्या मामांना, झाडलेल्या अंगणाबद्दल

आदरणीय मामा,

स. न. वि. वि.

मे महिन्यात तापोळ्याहून तुमच्या लाँचने कांदाटी खोऱ्यातल्या आमच्या गावी आलो, ते जुन्या घराचे फोटो काढण्यासाठी. कोयना धरणाच्या शिवसागराने आमची भातखाचरे घेतली, घर तेवढे चढावर असल्यामुळे वाचले. उभे आयुष्य मुंबईत माथाडी म्हणून ओझी वाहिलेल्या वडिलांना आता गुडघ्यांमुळे तो चढ होत नाही आणि घर पुढचा पावसाळा काढील असेही दिसत नाही, म्हणून ही धावपळ होती.

हेच काम आधी एका व्यावसायिक छायाचित्रकाराला आगाऊ रक्कम देऊन सांगितले होते. त्याने ड्रोन उडवून निळेशार पाणी, डोंगररांगा, सूर्यास्त असे सगळे टिपून आणले. घर त्यात एकदाच आले, तेही झाडीत हरवलेल्या तपकिरी ठिपक्याएवढे. विचारले तर म्हणाला, पडक्या घरात बघण्यासारखे काय असते? वडिलांनी ते फोटो पाहून ‘कॅलेंडर छान आहे’ एवढेच उद्गार काढले.

तुमचे काम खरे तर आम्हाला काठाला उतरवून संपले होते. तरी तुम्ही वर आलात. मी कॅमेरा काढून कोन शोधू लागलो, तोवर तुम्ही निरगुडीच्या फांद्या मोडून, वेलीने बांधून खराटा केलात आणि काही न बोलता अंगण झाडायला घेतलेत. मी ‘राहू द्या’ म्हणालो, तेव्हा तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘घराचा फोटू काढायचा आन् अंगाण तसंच ठिवायचं व्हय?’ वीसेक वर्षे ज्या ओट्यावर कुणी बसले नव्हते, तो तुम्ही पाहुणे यायचे असल्यासारखा लख्ख केलात. उंबऱ्यापाशी मात्र थांबलात, कारण आत पाऊल टाकण्याचा पहिला मान घरच्या माणसाचा, हे तुम्हाला कुणी सांगावे लागले नाही. असली समज पैसे मोजून मिळत नाही, हे आम्ही पैसे मोजून शिकलो होतो.

आत माजघरात एका काचेच्या कौलातून येणारा उजेड नेमका जमिनीत बसवलेल्या उखळावर पडला होता. त्यापलीकडे कारवीच्या कुडाची भिंत, शेणामातीचा गिलावा सुटून उघडी पडलेली, आणि ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेच्या भूकंपात तडा गेलेला तो दगडी कोपरा, ज्याची गोष्ट वडील अजून सांगतात. अंधारामुळे कॅमेरा उखळाच्या काठावर टेकवून काढलेला तो फोटो सगळ्यांत चांगला आला.

वडिलांनी मात्र हातात धरून ठेवला तो अंगणाचा. बराच वेळ पाहून त्यांनी विचारले, ‘झाडलं कुणी?’ तुमचे सांगितल्यावर पुन्हा फोटोकडे पाहत राहिले. तो आता त्यांच्या उशाशी असतो.

परतीचे जास्तीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत, म्हणून फोटोंचा एक संच तापोळ्याच्या धक्क्यावर तुमच्यासाठी पाठवीत आहे. त्यात तुमची लाँच आहे, तुम्ही झाडलेला ओटा आहे, भिंतीला टेकवलेला तुमचा खराटासुद्धा आहे. तुम्ही तेवढे नाही, कारण मी कॅमेरा उचलला की दर वेळी तुम्ही बाजूला सरत होतात.

आपला ऋणी,
गावचा एक मुंबईकर