लाओशी, तुमच्या खारट चहासाठी

आदरणीय लाओशी,

परवा तुमच्या गावातल्या लग्नांवरचा प्रबंध जमा केला. नाव घालायचं नाही, अशी तुमची ताकीद होती, म्हणून ऋणनिर्देशात 'गावातील एक निवृत्त शिक्षिका' एवढंच छापलंय. ते फारच कोरडं वाटलं, म्हणून हे पत्र. तुम्हाला मराठी वाचता येणार नाही, पण तुमच्याबद्दल निदान माझ्या माणसांना तरी कळू दे. सगळं गाव तुम्हाला लाओशी, म्हणजे शिक्षिका, म्हणायचं, मी मनातल्या मनात 'बाई'.

चीनमधल्या ताई सरोवराकाठी मी आले ती चिनी समाजशास्त्रज्ञ फेइ श्याओथुंग यांच्या लेखनाचं बोट धरून. १९३६च्या उन्हाळ्यात त्यांनी तुमच्या जवळच्याच काइश्यानगुंगमध्ये राहून शेती, रेशीम, लग्नं, वाटण्या सगळं टिपलं होतं. मला वाटलं, आपल्याला चिनी येते, प्रश्नावली तयार आहे, आता काय! पहिल्याच दिवशी कळलं, म्हाताऱ्यांची वू बोली आणि माझी पुस्तकी चिनी यांची तोंडओळखही नाही. तुम्ही दुभाषी झालात.

पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीचे. 'मुलगी सासरी कधी गेली?' हा माझा प्रश्न तुम्ही शेजारणीला विचारलाच नाहीत. मला अंगणात बसवलंत, धुरावर सुकवलेले हिरवे सोयाबीन, तीळ आणि संत्र्याची साल घातलेला चहा पुढे केलात. (पहिल्या घोटाला माझं तोंड कसं झालं, ते नंतर गावभर करून दाखवलंत!) आणि म्हणालात, "इथे आता कोणी कुठे जात नाही."

मग स्वतःच्या लेकीचं सांगितलंत. ती एकुलती, जावईही एकुलता. देणंघेणं नाही, ती सासरी गेली नाही, तो घरजावई झाला नाही. दोन्ही घरांत त्यांची खोली. दुसरं मूल झालं, तेव्हा थोरल्याला बापाचं आडनाव होतंच, धाकटीला आईचं दिलं. यालाच म्हणतात 'दोन टोकांचं लग्न'; ते मी लेखांत वाचलं होतं, पण माझ्या आराखड्यात ते तळटीपेपुरतं होतं.

चिनीत आईच्या आईला 'वायफो' म्हणतात, त्यातला 'वाय' म्हणजे बाहेरचा. तुमची नातवंडं मात्र दोन्ही आज्यांना 'नायनाय'च, म्हणजे बापाच्या आईला म्हणतात तेच, म्हणतात. "बाहेरची आजी कुठे गेली?" मी विचारलं. "आत आली," तुम्ही म्हणालात.

त्या संध्याकाळी मी तुम्हाला 'आजोळ' समजावत बसले. मामा, उन्हाळ्याची सुट्टी, आंबे. तुम्ही शांतपणे विचारलंत, "म्हणजे तिथे आई पाहुणी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सगळं गोड आहे, असं तुम्ही भासवलं नाहीत. थोरल्याला कुणाचं आडनाव, यावरून अबोला धरलेली घरंही दाखवलीत. शिवाय बजावलंत: इथे काम जवळच मिळतं म्हणून हे जमतं. जिथली तरुण माणसं दूर कामाला जातात आणि पोरं आजीआजोबांपाशी राहतात, त्या खेड्यांना हे लावू नकोस. ते वाक्य प्रबंधात जसंच्या तसं आहे.

सासरचा प्रश्न मी खोडला. त्याजागी आला तुमचा: 'नववर्षाच्या आदल्या रात्री जेवण कुणाकडे?' त्यावर सर्वांत जास्त पानं भरली.

दिलेली दाण्यांची पुडी संपली. आईने शेवटचे दाणे चिवड्यात घातले, तेवढं माफ करा.

तुमची,
खारट चहाला तोंड वाकडं करणारी विद्यार्थिनी