पावसाळ्यातही दूरदर्शन दिसावे

संपादक महोदय,
मुसळधार पाऊस लागला की छतावरच्या डिशचे चित्र जाते. उपग्रहाकडून डिशवर येणाऱ्या केयू बँडच्या, म्हणजे फार उच्च वारंवारतेच्या, लहरी पावसात क्षीण होतात. कारागीर बोलावून, डिश फिरवून उपयोग नसतो. जमिनीवरच्या प्रक्षेपकाच्या लहरींना पावसाचा फारसा अडसर नसतो आणि पुराच्या दिवसांत तीच सोय हवी असते. प्रसार भारतीने २०२२ च्या सुमारास बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक बंद केले. तंत्र जुने झाले होते, हे मान्य. पण २०१६ मध्ये डिजिटल प्रक्षेपण सुरू झाले ते देशातल्या १६ शहरांत. त्यात महाराष्ट्रातली दोनच, मुंबई आणि औरंगाबाद. मग कोकणाने काय करायचे?

जिथे ही सेवा आहे तिथेही दोष ओळखणे कठीण. पूर्वी मुंग्या दिसल्या की सिग्नल कमी, दुहेरी चित्र दिसले की लहर डोंगरावरून किंवा इमारतीवरून परतलेली, हे घरोघरी माहीत होते. डिजिटलमध्ये चित्र एक तर स्वच्छ, नाहीतर चौकटींत फुटून पडदा काळा. बिघाड अँटेनात, वायरच्या गंजलेल्या जोडात की प्रक्षेपकात, हे कळावे कसे? प्रक्षेपक बंद असेल तेव्हा दूरदर्शनने आकाशवाणीवरून तशी सूचना द्यावी आणि पुराचा धोका असलेल्या जिल्ह्यांत डिजिटल प्रक्षेपक आधी उभारावेत.

— एक वाचक, चिपळूण