ती. आई-बाबांस: २२ नंबरच्या शर्टाबद्दल

वेस्ट डे मॉइन, आयोवा
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

फराळाचं पार्सल परवा मिळालं. करंज्या शाबूत आहेत. चकल्यांचा भुगा झालाय, पण तुमच्या जावयांनी तोही दह्यात कालवून संपवला. आई, पुढच्या वेळी अनारसे पाठवायच्या भानगडीत पडू नकोस, गुडघे सांभाळ.

बाबा, रविवारी तुम्ही नातीला विचारलंत, हा २२ नंबरचा शर्ट कुणाचा? ती लगेच सुरू झाली आणि तुम्हाला अर्धंही कळलं नाही, ते तुमच्या तोंडावर दिसत होतं. मग ती आत गेल्यावर तुम्ही मला हळूच म्हणालात, "पण या खेळाचं पुढे काय?" तिच्या कानावर पडेल म्हणून मी फोनवर विषय टाळला. आता निवांत लिहिते, आणि तुम्हाला आवडतं तसं आकड्यांसकट.

शर्ट बास्केटबॉल खेळाडू केटलिन क्लार्कचा. ती आमच्याच गावची, वेस्ट डे मॉइनची. जन्म २००२ चा. लहानपणी तिच्या वयाच्या मुलींची टीम नव्हती, म्हणून मुलांच्या टीममधून खेळायची. घरासमोर गाडी लावायच्या जागेत बास्केट होती, पण तीन गुणांच्या रेषेवरून (तिच्या बाहेरून बास्केट केली की दोनाऐवजी तीन गुण) मारायला जागा पुरेना. तेव्हा बापाने कडेची हिरवळ उकरून काँक्रीट ओतलं. ही गोष्ट इथे सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या अंगणाच्या हिरवळीकडे नात आता ज्या नजरेने बघते, त्याची तुमच्या जावयांनी धास्ती घेतली आहे.

कॉलेजसाठी घरच्यांना ती इंडियानातल्या नोत्र दामला जावी असं वाटत होतं. तिने मात्र दोन तासांवरचं आयोवा विद्यापीठ निवडलं आणि २०२० पासून चार वर्षं तिथे खेळली. तिथे तिचे ३,९५१ गुण झाले. अमेरिकेतल्या वरच्या दर्जाच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये इतके गुण त्याआधी कुणाचेच नव्हते, पुरुषांचेसुद्धा. पुरुषांमधला विक्रम पीट मॅराविचचा होता, ३,६६७ चा, १९७० सालापासूनचा. आता तुम्ही गावसकर-सचिनच्या वादात म्हणता तसं म्हणालच, की काळ वेगळा होता. होताच. मॅराविच तीनच वर्षं खेळला, कारण तेव्हा पहिल्या वर्षाच्या मुलांना मुख्य टीममध्ये घेत नसत, आणि तीन गुणांची रेषाही नव्हती. क्लार्कचा सगळा दरारा त्या रेषेवर उभा आहे. रेष बावीस फुटांवर, आणि ही तीस फुटांवरून मारते. फेब्रुवारी २०२४ मध्ये मिशिगनविरुद्ध तिने महिलांचा विक्रम मोडला तोही असाच लांबून, सामना सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटं झाली असताना. त्या दिवशी तिने ४९ गुण केले.

मला स्वतःला मात्र त्यानंतरचा एक आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो: ३,६४९. हे गुण लिनेट वुडर्डचे, कॅन्सस विद्यापीठाच्या, १९७७ ते १९८१ मधले. ते अधिकृत विक्रमांत धरलेलेच नव्हते, कारण त्या काळी कॉलेजच्या मुलींच्या स्पर्धा एनसीएए ही मुख्य संघटना घेतच नसे. मुलींची संघटना निराळी होती, आणि ती बंद पडली तशी तिची वहीही बाजूला पडली. वुडर्डच्या वेळी तीन गुणांची रेषा नव्हती, आणि चेंडूही पुरुषांच्याच मापाचा. क्लार्कने हा आकडा ओलांडला तेव्हा कुठे लोकांना वुडर्ड आठवली. मॅराविचला मागे टाकलं त्या दिवशी, ३ मार्चला, वुडर्ड आयोवा सिटीच्या त्या हॉलमध्ये हजर होती.

आई, तुला वाटेल एका पोरीमुळे एवढं सगळं झालं. पण तसं नाही. आमच्या शेजारी एक आजी राहतात, सत्तरीच्या पुढच्या. आयोवातल्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या. त्या शाळेत असताना इथल्या मुली सहा-सहाच्या टीमने खेळायच्या. तिघी पुढच्या, तिघी मागच्या, आणि मैदानाची मधली रेष कुणी ओलांडायची नाही. चेंडू दोनदाच आपटायचा, मग पास. बाकी बहुतेक देशाने हा प्रकार कधीच मोडीत काढला, आयोवाने १९९३ पर्यंत चालवला. आजी मागच्या तिघींतल्या. म्हणजे शाळेची सगळी वर्षं टीमकडून खेळल्या आणि सामन्यात एकदाही बास्केटकडे चेंडू मारला नाही, कारण बास्केट रेषेच्या पलीकडे! हे सांगताना त्या दोन्ही हात पसरून, गुडघ्यात वाकून दाखवतात, समोरचीला कसं अडवायचं ते. स्वयंपाकघरातल्या ओट्यापाशी. वाकल्या की उठताना मला हात द्यावा लागतो.

नियम बावळटच होता, हे त्याही म्हणतात. मुलींना अख्खं मैदान झेपणार नाही या समजुतीतून आलेला. पण त्यातून एक झालं. मार्च महिन्यात मुलींची राज्य स्पर्धा म्हणजे इथे जत्रा. गावंच्या गावं डे मॉइनला लोटायची, हॉल भरायचा. मुलींचा खेळ बघायला तिकीट काढून जायचं, ही सवय इथल्या लोकांना तीन पिढ्यांची आहे. क्लार्क त्या सवयीत जन्मली. शेजारच्या आजी तिच्या एकाही सामन्याला टीव्हीसमोरून उठत नाहीत, आणि तिने पंचांशी हुज्जत घातली की तिला मोठ्याने रागावतात. (ती घालते हुज्जत. पुष्कळ. मलाही नाही आवडत.)

ऑक्टोबर २०२३ मध्ये विद्यापीठाने फुटबॉलच्या उघड्या स्टेडियममध्ये लाकडी कोर्ट मांडलं आणि मुलींचा सराव सामना ठेवला. माणसं आली ५५,६४६. आम्हीही होतो, कुडकुडत. कोर्ट इतकं लांब की खेळाडू करंगळीएवढ्या दिसत होत्या. माझं निम्मं लक्ष आजूबाजूच्या पुरुषांकडे होतं, टोप्या घातलेले, मक्याच्या शेतीतले दणकट बाप्ये, मुलींच्या पासवर "वा!" केल्यासारखे ओरडणारे. पुढच्या एप्रिलमध्ये कॉलेजच्या महिलांची अंतिम लढत टीव्हीवर १ कोटी ८९ लाख लोकांनी बघितली, पुरुषांची १ कोटी ४८ लाखांनी. आयोवा ती हरली, साउथ कॅरोलायनाकडून, ८७-७५. आदल्या वर्षीची फायनलही हरली होती. म्हणजे कॉलेजचं विजेतेपद तिला मिळालंच नाही.

आता बाबा, तुमचा खरा प्रश्न. पैसे. महिलांच्या व्यावसायिक लीगच्या (डब्ल्यूएनबीए) २०२४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नव्या खेळाडू निवडतात त्यात, इंडियाना फीव्हर या टीमने तिला पहिल्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षाचा पगार ७६,५३५ डॉलर, तेव्हाच्या भावाने साधारण ६४ लाख रुपये. त्याच वर्षी पुरुषांच्या लीगमध्ये पहिला निवडलेला मुलगा सव्वा कोटी डॉलरच्या आसपास. रुपये नव्हे, डॉलर. तिची खरी कमाई जाहिरातींची, आणि ती कॉलेजात असतानाच सुरू झाली, कारण २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे घ्यायची मुभा आहे. आमच्या हाय-व्ही या किराणा दुकानात, जिथे तुम्ही कोथिंबीर शोधत हिंडलात तिथे, तिच्या फोटोचे सीरियलचे डबेसुद्धा विकायला होते. पण असं नशीब एखादीचं. बाकीच्या पोरींचं पोट लीगने खेळाडूंशी केलेल्या करारावर, आणि तो करार ऑक्टोबर २०२५ अखेरपर्यंतचाच. जुलैच्या ऑल-स्टार सामन्याआधी सगळ्या जणी "आमचं देणं द्या" अशा अर्थाचे टी-शर्ट घालून सरावाला उतरल्या होत्या.

पहिल्या मोसमात क्लार्कने ३३७ असिस्ट दिले, म्हणजे ज्यांवरून सहकारी खेळाडूने बास्केट केली असे पास. लीगमध्ये तेव्हा तो विक्रम होता. चेंडू घालवण्याचाही विक्रम तिचाच, तोही त्याच मोसमात. यंदा दुखापतींनी पाठ सोडली नाही. आधी मांडी, मग जांघ, एकदा नव्हे दोनदा. जेमतेम १३ सामने खेळली, आणि कॉलेजात तर ही एकही सामना न चुकवणारी मुलगी! टीम तिच्याशिवाय उपांत्य फेरीपर्यंत गेली, लास वेगासशी पाचव्या सामन्यात जादा वेळेत हरली. आणि नातीसमोर मी बोलत नाही, पण सध्याची सगळ्यात भारी खेळाडू त्याच लास वेगासची ए'जा विल्सन. चौथ्यांदा मोसमाची सर्वोत्तम ठरली, आणि मागच्या आठवड्यात विजेतेपदही त्यांचंच. तिच्यासारख्या काळ्या मुलींनी ही लीग वर्षानुवर्षं ओढली आणि कॅमेरे मात्र क्लार्क आल्यावर वळले. हे बोचतं, आणि बोचायला हवं.

तेव्हा "पुढे काय" याचं उत्तर तुमच्या अर्थाने: बहुतेक काही नाही. नात मधल्या उंचीची आहे, डावा हात कच्चा आहे, आणि प्रशिक्षक म्हणतात त्याप्रमाणे ती पास फार लवकर सोडते. व्यावसायिक वगैरे होणार नाही. तरी शनिवारी सकाळी तिच्या सामन्याला बाकं भरलेली असतात, आणि ती कोर्टवर उतरताना आधी बाकांकडे बघते. मी खो-खो खेळायचे तेव्हा मैदानाच्या कडेला कोण असायचं, आई? तू, आणि फाटकापाशी भेळवाला. बाबा तेव्हा कबड्डीला जायचे, सांगलीपर्यंत.

म्हणून एक विनंती आहे. उन्हाळ्यात यायचं ठरवलंत ते राहू दे, फेब्रुवारीत या. तिचे सामने तेव्हा चालू असतील, आणि आयोवा सिटीला विद्यापीठाच्या मुलींचाही एखादा दाखवेन. क्लार्क गेली तरी लोक येतात. थंडी कडाक्याची असते, खोटं सांगणार नाही, पण हॉल गरम असतो आणि घरापासून गाडीने दारात उतरवेन. बाबांचं कानटोपीवरून भांडण आतापासून नको. डॉक्टरांना विचारून तारखा कळवा, म्हणजे तिकिटं बघायला घेते. मुंबईहून शिकागोला येणारी, व्हीलचेअर सांगूनच. औषधं तीन महिन्यांची आणि चिठ्ठीसकट आणा.

आणि आई, येताना गोडा मसाला.

तुमची,
बेबी