आई, विमानात पाणी पी

नेरूळ,
२६ एप्रिल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर मी विमानातल्या पाण्याचा विषय काढला, तर आई, तू लगेच विचारलंस, "दादासाठी चिवडा कुठला करू, पातळ पोह्यांचा की मक्याचा?" समोर बसून बोलले तरी असंच होतं. म्हणून लिहून पाठवते आहे. दोघांनी एकत्र वाचा आणि निघताना हे पत्र आईच्या पर्समध्ये ठेवा.

आई, तू प्रवासात पाणी पीत नाहीस. मी लहानपणापासून बघते आहे. दोन वर्षांपूर्वी आपण बसने गणपतीपुळ्याला गेलो, तेव्हा तर आदल्या रात्रीपासूनच तुझं पाणी बंद होतं. चिपळूणला सगळे चहाला उतरले, तू खिडकीशी बसून राहिलीस. मी बाटली पुढे केली. तू झाकण उघडलंस, ओठ ओले केलेस, झाकण घट्ट लावून बाटली माझ्या हातात दिलीस. "मला नको गं, मग सारखं जावं लागतं." घरी आल्यावर चौथ्या दिवशी थंडी वाजून ताप, लघवीला जळजळ, आठवडाभर अँटिबायोटिक. डॉक्टरांनी "पाणी किती पिता?" म्हणून विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस, ती नजर मी विसरलेली नाही.

तो प्रवास नऊ-दहा तासांचा होता. आता मुंबई ते दोहा चार तास, दोह्याला तीन तास थांबायचं, आणि तिथून न्यूयॉर्क जवळजवळ चौदा तास. नौपाड्यातल्या घराला कुलूप लावल्यापासून दादाच्या घरी चप्पल काढेपर्यंत सव्वा दिवस तरी जाईल. एवढा वेळ तू तहान मारून बसलीस तर आजारी पडशील. तुला डायबेटिस आहे, लघवी तुंबवून ठेवणं तुला परवडणारं नाही.

त्यात विमानातली हवा. विमान पस्तीस हजार फुटांवरून जातं, पण आतला हवेचा दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर असतो तेवढा ठेवतात. बाबा, तुम्ही शाळेतल्या मुलांना घेऊन कळसूबाईला गेला होतात ना, ते शिखर ५,४०० फुटांचं. म्हणजे त्याहूनही उंच जागी तुम्ही दोघं चौदा तास बसणार आहात. आणि हवा फार कोरडी असते. बहुतेक वेळा आर्द्रता २० टक्क्यांच्याही खाली. आपल्याकडे जुलैत कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, तिथे नाक, घसा, ओठ तासाभरात सुकतात. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे डोळ्यांचे थेंब हाताशी ठेवा, वरच्या कप्प्यातल्या बॅगेत नकोत. व्हॅसलिनची लहान डबी आईच्या पर्समध्ये.

उंचीवर पोटातला वायूही फुगतो, जवळजवळ पाव पटीने. निघायच्या दिवशी वालाचं बिरडं नको आई, कितीही मोड आलेले असोत. पोळी, बटाट्याची सुकी भाजी, दहीभात एवढंच खाऊन निघा. विमानात सोडा, कोला घेऊ नका. तुमच्या तिकिटावर मी आईसाठी डायबेटिक आणि बाबांसाठी एशियन व्हेजिटेरियन जेवण नोंदवलं आहे. खास जेवण बऱ्याचदा बाकीच्यांच्या आधी येतं, तेव्हा एकट्यालाच ताट आलं म्हणून आईने ते परत करू नये!

आता तुझ्या संकोचाचं. तू पाणी का पीत नाहीस ते मला माहीत आहे. शेजारच्या परक्या माणसाला उठवायचं, सगळ्यांच्या देखत जायचं, दार नीट लागलं की नाही याची धास्ती. म्हणून जागा निवडताना मी आईला विमानातल्या मधल्या रस्त्याच्या कडेची घेतली आणि बाबांना तिच्या लगतची. तुला उठायला कुणालाही विचारावं लागणार नाही. उठावं लागेल ते फक्त बाबांसाठी तुला, आणि ते चांगलंच आहे, तेवढेच पाय मोकळे होतील.

तिथलं टॉयलेट आपल्या रेल्वेतल्यापेक्षाही लहान असतं. बऱ्याच विमानांत दार बाहेर ओढायचं नसतं, ते मधोमध दुमडतं. मध्यावर हाताने ढकललं की आत जातं. आत गेल्यावर कडी सरकवली की दिवा मोठा होतो. दिवा मोठा झाला म्हणजे दार लागलं, मग खुशाल बसायचं. फ्लशचा आवाज एकदम जोरात येतो, दचकू नकोस. झाकण लावून मग बटण दाब. जेट नसतो, त्यामुळे ओल्या टिश्यूचं पाकीट ने, आणि पाण्याची एक छोटी रिकामी बाटली, आतल्या नळावर भरून घ्यायला. त्या नळाचं पाणी मात्र प्यायचं नाही. नुसत्या मोज्यांवर आत जाऊ नका, जमीन ओली असते. जेवणाची ताटं उचलली की लगेच रांग लागते, त्याच्या आधी किंवा अर्ध्या-पाऊण तासाने जा.

प्यायच्या पाण्याची बाटली सुरक्षा तपासणीला रिकामी असली पाहिजे, पलीकडे गेल्यावर भरून घ्यायची. विमानात बसल्यावर ती संपली की बटण दाबून मागायचं. बाबा, हे काम तुमचं. दर तासाला आईला अर्धा-पाऊण ग्लास तरी पाणी द्यायचं आणि ती पिते का ते बघायचं. तुम्ही एकतीस वर्षं वर्गात मुलांची गणितं तपासलीत, हीही तशीच तपासा. चहा-कॉफी एखाद्या वेळी ठीक आहे.

बाबा, तुमच्या पायांची मला खरी काळजी आहे. फळ्यासमोर उभं राहून राहून पोटऱ्यांवरच्या शिरा फुगल्या आहेत. दिवाळीत तुम्ही संध्याकाळी मोजे काढलेत, तेव्हा घोट्यावर मोज्याच्या इलॅस्टिकचा खोल वळ होता. मी बोट लावून बघितलं तर खळगा पडला. पोटरीचे स्नायू चालताना आवळतात आणि रक्त वर हृदयाकडे ढकलतात. माणूस गुडघे दुमडून तासन्‌तास बसून राहिला की ते काम थांबतं, रक्त पायात साचतं आणि कधीकधी खोल शिरेत गुठळी होते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली याच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चार तास किंवा त्याहून जास्त वेळ एका जागी बसून प्रवास केला की हा धोका साधारण दुप्पट होतो, मग विमान असो, गाडी असो वा बस. धडधाकट माणसांत तो तरीही ६,००० जणांत एक एवढाच आहे, त्यामुळे घाबरून जाऊ नका. पण तुमच्या शिरा फुगलेल्या आहेत आणि वय बहात्तर आहे, म्हणून काळजी घ्यायची.

आमच्या सोसायटीतल्या एक काकू मुलीकडून परत आल्या आणि तीन-चार दिवसांनी डावी पोटरी दुखायला लागली. त्यांना वाटलं अवघडली. रोज रात्री गरम तेल लावून चोळून घेत होत्या. पाय सुजून तापला तेव्हा दवाखान्यात नेलं, सोनोग्राफीत गुठळी निघाली. वेळेवर औषध सुरू झालं म्हणून निभावलं. आई, तुझा हात तेलाच्या बाटलीकडे लगेच जातो, म्हणून सांगते. एकाच पायाला सूज, दुखणं, गरमपणा, लाली असं काही दिसलं, किंवा एकाएकी धाप लागली, छातीत दुखलं, तर चोळायचं नाही, शेकायचं नाही, दादाला तिथल्या तिथे सांगायचं. उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनीही हे होऊ शकतं.

विमानात करायचं ते सोपं आहे. टाचा टेकवून चवडे वर, चवडे टेकवून टाचा वर, घोटे गोल फिरवायचे. दर अर्ध्या तासाने वीस-पंचवीस वेळा. सीट बेल्टच्या पट्ट्याचा दिवा बंद असेल तेव्हा दीड-दोन तासांनी उठून मागच्या टोकापर्यंत फेरी. तलावपाळीला सकाळी चकरा मारता तशा दोघांनी मिळून मारा. बॅग पायाशी ठेवू नका, पाय पसरायला जागा राहत नाही. झोपेची गोळी अजिबात नको, बाबा. गाढ झोपेत पाय तासन्‌तास हलत नाहीत. आणि कुणी सांगितलं म्हणून मनाने ॲस्पिरिनही नको.

गुडघ्यापर्यंतचे दाब देणारे मोजे घ्यायचे आहेत, १५ ते २० एमएमएचजीचे (हे दाबाचं माप, पाकिटावर लिहिलेलं असतं). साधे घट्ट मोजे नव्हेत, त्यांचा वरचा इलॅस्टिक उलट रुततो. आईच्या बाबतीत आधी डॉक्टरांना विचारते. डायबेटिसमुळे तिच्या तळव्यांना मुंग्या येतात, अशा पायांना ते सगळ्यांनाच चालत नाहीत.

डॉक्टरांकडे जायचंच आहे तर आईच्या औषधांचं वेळापत्रकही लिहून घेऊ. पश्चिमेकडे जाताना तो दिवस साडेनऊ तासांनी लांबतो. रात्रीचं इन्सुलिन नक्की कुठल्या रात्री घ्यायचं, असा घोळ होतो. माझं म्हणणं, बाबांचं मनगटावरचं घड्याळ दादाच्या घरी पोचेपर्यंत आपल्याच वेळेवर राहू द्या आणि डॉक्टर सांगतील त्या वेळा त्या घड्याळाप्रमाणे लिहून घ्या. इन्सुलिनचं पेन, गोळ्या, साखर मोजायचं मशीन सगळं हातातल्या बॅगेत. विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात थंडीने इन्सुलिन गोठू शकतं. गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटातच असू द्या, डब्यांत सुट्या भरू नका, आणि औषधांची मूळ नावं लिहिलेली चिठ्ठी सोबत ठेवा. साखर उतरली तर म्हणून ग्लुकोजची पावडर आणि बिस्किटंही.

व्हीलचेअर मी दोघांसाठी मागितली आहे. बाबा, रागावू नका. तुम्ही उपवनला तीन फेऱ्या मारता हे मला ठाऊक आहे. पण न्यूयॉर्कला उतरल्यावर इमिग्रेशनच्या रांगेत कधीकधी दीड तास उभं राहावं लागतं, तेही रात्रभर जागून. आईचे गुडघे ते सोसणार नाहीत, आणि तुम्ही तिच्यापासून वेगळे पडलेले मला चालणार नाही. दोह्यातही एका गेटवरून दुसऱ्या गेटला जायला बरंच चालावं लागतं. तिथे कुणी चेअर घेऊन आलं तर बसा.

विमान खाली येताना कान दुखतात, तेव्हा झोपलेले असलात तर आईने बाबांना उठवायचं. आवंढा गिळत राहा, बाबांनी लिमलेटची गोळी चघळायची. आईने नुसतं पाणी घोट घोट प्यायचं, तेवढाच आणखी एक ग्लास पोटात जाईल. निघायच्या आठवड्यात सर्दी झाली तर माझ्यापासून लपवू नका, तारीख पुढे ढकलता येते.

पोचल्यावर पहाटे दोन-तीनला जाग येईल. आपल्याकडे तेव्हा दुपार असते. घड्याळ लावायला शरीराला आठवडा लागतो. दिवसा उन्हात बाहेर पडा, दुपारी लांब झोप नको. रात्री जाग आली तर मला फोन करा, मी ऑफिसात असले तरी उचलेन.

रविवारी पहिल्या ठाणे लोकलने येते. मोज्यांचं माप सकाळी उठल्या उठल्या, सूज चढायच्या आत घ्यायचं असतं, घोट्याचं आणि पोटरीचं. बाबा, मी येईपर्यंत अंथरुणातून खाली उतरू नका. चहा मी टाकेन. आई, तू दार तेवढं उघड आणि पाण्याचा तांब्या बाहेर काढून ठेव.

तुमची,
मनू